जुनं सामान, नवा धनी

सोलापुरातली जुनी घरं रिकामी होत आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला स्थिरावली. आईवडील त्यांच्याकडे गेले किंवा जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. पेठेतल्या दुमजली घरात तीन पिढ्यांनी जमवलेला संसार आता कुठेच मावत नाही. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ, पितळी बंब, ट्रंकेच्या तळाशी घडी घातलेली इरकल, एचएमटीचं चावीचं घड्याळ, मर्फीचा रेडिओ, सुतळीनं बांधलेले दिवाळी अंक. अशा वेळी भंगारवाल्याला हाक मारली जाते. तो काटा लावतो, तांब्याला तांब्याचा, पितळेला पितळेचा आणि कागदाला रद्दीचा भाव देतो आणि दुपारपर्यंत माळा मोकळा होतो. यात भंगारवाल्याचं काही चुकत नाही. तो धातू विकत घेतो आणि धातूचे पैसे मोजतो. पण ठोक्याठोक्यानं घडवलेल्या त्याच घंगाळासाठी पुण्यातलं कुणी कित्येक महिने बाजार धुंडाळत असतं. या दोघांची आजवर गाठ पडत नव्हती. आता पडू शकते, आणि ती घालून देणारा माणूस चार पैसे मिळवू शकतो. हे पुस्तक त्या माणसासाठी आहे.

जुन्याची खरेदी-विक्री आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दारात बसायची, साड्या-धोतरं उलगडून उजेडात धरायची, कुठे विरलंय ते बोटांनी चाचपायची, आणि मग डबा द्यायचा की पातेलं यावर तासभर घासाघीस चालायची. त्या कपड्यांतले धड कपडे धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकले जात. उरलेल्यांच्या चिंध्या यंत्रं पुसायला जात. घरात राहिलेल्या लुगड्यांची गोधडी होई. जून महिना आला की शाळेची पुस्तकं एका घरातून दुसऱ्या घरी निम्म्या किमतीत जात. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. जुनी वस्तू पारखणारी, तिच्यावर पोट भरणारी माणसं आपल्यात नेहमीच होती.

तरीही मध्यमवर्गीय आणि कामगार घरांना आपली वस्तू विकताना संकोच वाटतो. ‘भांडी विकायची वेळ आली’ हे वाक्य आपल्याकडे घर खचल्याची खूण म्हणून उच्चारलं जातं, आणि सोलापुरात त्यामागे खरीखुरी आठवण आहे. १८७७च्या सुमारास इथे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, १८९८मध्ये लक्ष्मी आणि १९०८मध्ये विष्णू उभी राहिली. भोंग्यावर चालणारं हे शहर एकेक गिरणी बंद पडताना खचत गेलं. १९९०च्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबल्या. पगार थांबला त्या घरांतली भांडी अडचणीपोटी मोडीत गेली. ज्यांनी ते पाहिलं त्यांना घरातली वस्तू विकणं जिवावर येणार, हे समजून घ्यायला हवं. या पुस्तकात ज्या विक्रीबद्दल लिहिलं आहे ती मात्र वेगळी आहे. इथे विकणारा निवांतपणे निवड करतो, वस्तू ओळखतो, तिची योग्य किंमत ठरवतो आणि ती ज्यांना हवी आहे असं घर तिला मिळवून देतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

इंटरनेटनं या व्यवहारात काय बदललं ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळतं. अमेरिकेत १९९५मध्ये पिएर ओमिड्यार यांनी पुढे ‘ईबे’ या नावानं गाजलेली लिलावाची साइट सुरू केली. तिच्यावर अगदी सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर; तो १४.८३ डॉलरला गेला. तो चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे ना, असं ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मोडके लेझर पॉइंटर जमवण्याचा माझा छंदच आहे. असा माणूस कोणत्याही एका गावाच्या आठवडी बाजारात भेटला नसता. वस्तू विचित्र, गिऱ्हाईक एकच आणि तेही लांब: अशी गाठ घालणं हेच या माध्यमाचं सामर्थ्य आहे.

भारतात हा प्रवास २०००मध्ये ‘बाझी डॉट कॉम’पासून सुरू झाला. २००४मध्ये ईबेनं ती कंपनी घेतली. २००६मध्ये ओएलएक्स आलं, २००८मध्ये क्विकर. तेव्हा ही सगळी दुनिया संगणक असलेल्यांची होती, आणि पैसे हातोहात घ्यायचे म्हणून व्यवहार गावातल्या गावात राहत. २०१६मध्ये यूपीआय सुरू झालं आणि ती अडचण सरली. पुढच्याच वर्षी फेसबुक मार्केटप्लेस भारतात आलं. २०२०च्या टाळेबंदीनंतर इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची छोटी छोटी दुकानं तरुण मुलींनी घरबसल्या थाटली. आज सोलापुरातल्या अशोक चौकातल्या घरातून विकलेली वस्तू कुरिअरनं नागपूरला किंवा कोचीला पोहोचते आणि पैसे आधीच खात्यात जमा झालेले असतात. साधन सर्वांच्या हातात आलं. वस्तू ओळखण्याची विद्या मात्र फोनबरोबर येत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की या धंद्यात भांडवल लागतं ते जाणकारीचं, आणि सोलापूर त्या बाबतीत श्रीमंत आहे. इथल्या पूर्व भागात अशी हजारो माणसं आहेत ज्यांनी मागावर आयुष्य काढलं. कापड चिमटीत धरून सूत कोणत्या प्रतीचं आहे, ते मागावर ताणून विणलंय की ढिलं, रंग पक्का की कच्चा, हे ती सांगतात. पद्मशाली विणकर घरांतल्या आज्यांना हे ज्ञान आहे, पण त्याला बाजारात किंमत आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. जुन्या कापडाच्या ऑनलाइन व्यवहारात नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ आहे. फोटो सगळेच टाकतात. फोटोत दिसणारं कापड काय आहे हे खात्रीनं लिहिणारे फार थोडे.

सोलापुरी चादरच घ्या. जकार्ड मागावर विणलेल्या अस्सल चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होते. सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे दुसरीकडे विणलेल्या मालाला हे नाव लावून विकणं हा कायद्यानं गैरप्रकार ठरतो. चाळीस वर्षं वापरून मऊ झालेली, कडा शाबूत असलेली जुनी चादर आज आवडीनं घेतली जाते. कुणी ती भिंतीवर लावतं, कुणी तिचं जाकीट शिवून घेतं. पण ती निव्वळ सुती आहे की त्यात कृत्रिम धागा आहे, हे विकणाऱ्यानं सांगायलाच हवं. कडेचा एक धागा काढून जाळून पाहिला की कळतं: सूत कागदासारखा वास देत जळतं आणि त्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. इरकलीच्या किंवा पैठणीच्या जरीलाही हीच कसोटी थोड्या फरकानं लागू पडते. प्लॅस्टिकची जर वितळते. चांदीची जर असेल तर धातू शिल्लक राहतो. जुनी जर ‘गाळून’ चांदी काढणारे सराफ पूर्वीपासून आहेत, आणि म्हणूनच शेकडो सुंदर पदर आगीत गेले. पदर शाबूत असलेली साडी गाळण्याआधी तिची साडी म्हणून काय किंमत येते ते एकदा पाहावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

बंद पडलेल्या मागांचे सुटे भागही आता मागणीत आहेत. लाकडी धोटा, कांड्या, जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे या गोष्टी घर सजवणारे आणि वस्त्रकलेचे विद्यार्थी शोधत असतात. त्या पुठ्ठ्यांवरची भोकं म्हणजे नक्षीची लिहून ठेवलेली आज्ञा. कोणतं भोक ताण्याचा कोणता धागा उचलतं हे सांगणारा विणकर शेजारी असेल तर त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात आणि त्या वस्तूबरोबर द्याव्यात. वस्तूबरोबर माहिती गेली की तिची किंमत वाढते आणि विणकराचं ज्ञानही पुढे जातं.

कापडापलीकडे पाहिलं तरी तत्त्व तेच. एचएमटीनं १९६१मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि २०१६मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद झाली. ‘जनता’ हे तिचं चावीचं घड्याळ घरोघरी होतं; त्याच्या काही तबकड्यांवर नाव देवनागरीत आहे. आज देशोदेशीचे संग्राहक ही घड्याळं घेतात. पण बाजारात तबकडी नव्यानं रंगवलेली घड्याळंही भरपूर आहेत. भडक निळ्या-पिवळ्या रंगाची, अक्षरं किंचित तिरकी छापलेली तबकडी दिसली की शंका घ्यावी. रंगवलेली तबकडी विकणं हा गुन्हा नाही, ती मूळची आहे असं सांगून विकणं ही फसवणूक आहे. दिवाळी अंकांचंही तसंच. मराठीत ‘मासिक मनोरंजन’नं १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शतक उलटून गेलं. जुने अंक जमवणाऱ्याला मुखपृष्ठ, जाहिरातींची पानं आणि अनुक्रमणिका हवी असते. एक पान गळालं तरी किंमत उतरते. पुस्तकाच्या बाबतीत मुद्रणपृष्ठाचा फोटो द्यावा, म्हणजे आवृत्ती कोणती हा प्रश्नच उरत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्याला मोडीचा भाव ही तळची रेघ समजावी. त्यावर घडणावळ, आकाराचं वेगळेपण, कल्हई, कोरलेलं नाव आणि साल यांची किंमत चढते. भांड्यावर कोरलेलं आजीचं नाव घासून काढू नये. ज्याला ते भांडं आवडेल, त्याला ते नावासकट हवं असतं.

आता पैशाबद्दल स्पष्ट बोलू. ही जोडकमाई आहे. काही महिन्यांत चांगली होते, काही महिन्यांत काहीच होत नाही. समजा, एक पितळी डबा तुम्ही ४०० रुपयांना घेतला आणि ९०० रुपयांना विकला. खोका, कागद आणि चिकटपट्टीचे ४० रुपये, कुरिअरचे १५० रुपये तुमच्याकडून गेले तर हातात ३१० रुपये राहतात. त्यात तो शोधायला लागलेली सकाळ, स्वच्छ करायला लागलेला वेळ आणि गिऱ्हाइकाच्या दहा प्रश्नांची उत्तरं आली. म्हणून पाठवणीचा खर्च किंमत ठरवण्याआधी मोजावा, आणि जड वस्तू शक्यतो गावातच विकावी. पुस्तकांसाठी टपाल खात्यानं १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू केली आहे; तिच्या नियमांत बसणारी पुस्तकं पाच किलोपर्यंत पाठवता येतात. चार वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंत हात घालण्यापेक्षा एकच प्रकार धरून त्यात पारंगत व्हावं. नफा शेवटी तिथेच मिळतो, आणि आनंदही.

आनंदाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. रविवारी सकाळी जुन्या सामानाच्या पथाऱ्यांवरून फिरताना ढिगाऱ्यातून एक वस्तू नजरेला पडते, ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली जाते, घरी आणून तिची माहिती शोधली जाते. कारखाना कोणता, साल कोणतं, ही कशासाठी वापरत असत. या शोधात माणूस आपल्या शहराचा आणि आपल्या लोकांच्या राहणीचा इतिहास शिकत जातो. निवृत्त शिक्षकाला, घर सांभाळणाऱ्या बाईला, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला या छंदातून खर्चापुरते पैसे सुटले तर तो छंद टिकतो. केवळ पैशासाठी आलेला माणूस सहसा लवकर कंटाळतो.

विक्रीची कला मुख्यतः खरं सांगण्याची कला आहे. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. पिवळ्या दिव्याखाली साडीचा रंग खोटा दिसतो. मापं टेपनं घेऊन लिहावीत. चीर, डाग, पोचा, झिजलेली चावी यांचा जवळून वेगळा फोटो द्यावा आणि दोष वर्णनाच्या पहिल्या ओळींत लिहावा. गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेता येत नाही. त्याच्या हाताचं काम तुमच्या शब्दांनी करायचं आहे. जो विक्रेता दोष आधी सांगतो त्याचं गुणवर्णन खरं मानलं जातं, आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येतं.

काही मर्यादा कायद्यानं घातल्या आहेत, त्या पाठ असाव्यात. चोरीची वस्तू चोरीची आहे हे जाणून किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. म्हणून कुणाकडून काय, केव्हा आणि कितीला घेतलं याची वही ठेवावी. जुना मोबाइल घेण्याआधी ‘स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश’ दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा आणि ‘संचार साथी’वर तपासावा. १०० वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणी, किंवा ७५ वर्षांहून जुनं ऐतिहासिक, वैज्ञानिक, वाङ्मयीन महत्त्वाचं हस्तलिखित १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि देशाबाहेर ते पाठवता येत नाही. घरात आजोबांच्या काळचं हस्तिदंत, वाघनख किंवा सांबराचं शिंग असलं तरी वन्यजीव कायदा त्याच्या विक्रीला मज्जाव करतो. स्वतःच्या वापरातले कपडे आणि फर्निचर विकलं तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने आणि कलाकृतींना ही सूट नाही. विकण्यासाठीच माल घेऊ लागलात की तो व्यवसाय होतो, त्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. पुढे व्याप वाढला तर जीएसटीबद्दल कर सल्लागाराला विचारावं. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरण्याची सोय त्यात आहे.

फसवणुकीचं एक रूप इतकं चालतं की ते इथेच सांगतो. गिऱ्हाईक वस्तू न पाहता सांगितलेली किंमत मान्य करतं, स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतं, आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणतं. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसलात तर लगेच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. सोलापूरकराला हा आकडा वेगळा पाठ करावा लागणार नाही. १९३०च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ लादला गेला होता.

त्याच सालामुळे आणखी एक विनंती करावीशी वाटते. त्या वर्षीच्या सोलापूरच्या आंदोलनातल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्या काळाशी, गिरणी कामगारांच्या चळवळीशी नातं असलेली पत्रकं, छायाचित्रं, पगाराची पुस्तकं आणि युनियनच्या पावत्या इथल्या कित्येक घरांच्या ट्रंकांत असू शकतात. रद्दीत घालण्याआधी आणि ऑनलाइन टाकण्याआधी असा कागद इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकाला किंवा जुन्या वाचनालयाला दाखवावा. काही गोष्टी शहराच्या असतात, त्यांचं मोल विक्रीत मोजू नये. तसंच दुसऱ्यांची खासगी पत्रं आणि रोजनिश्याही त्यांच्या वारसांच्या संमतीवाचून विकू नयेत.

शेवटचा मुद्दा खरेदीतल्या न्यायाचा. आपल्याला वस्तूची किंमत कळते आणि समोरच्या म्हातारीला कळत नाही, या फरकावर हा धंदा उभा राहू शकतो. राहू नये. पन्नास रुपये मागणाऱ्या बाईची वस्तू हजाराची आहे हे दिसत असेल तर तिला तसं सांगावं आणि रास्त दर द्यावा. उन्हातान्हात गल्ल्या फिरणारे भंगारवाले आणि बोहारणी वर्षानुवर्षं जुन्या वस्तू जिवंत ठेवत आल्या आहेत. त्यांना डावलून पुढे जाण्यापेक्षा त्यांच्याशी संबंध जोडावा: ‘असं घड्याळ, असं पुस्तक आलं तर मोडीत घालू नका, मला दाखवा, मोडीपेक्षा जास्त देईन.’ या एका वाक्यानं त्यांची मिळकत वाढते, तुम्हाला माल मिळतो आणि वस्तू भट्टीतून वाचते.

पुढच्या प्रकरणांत कापड, भांडी, घड्याळं, पुस्तकं, रेडिओ आणि रेकॉर्ड यांची ओळख एकेक करून दिली आहे. त्यानंतर फोटो, वर्णन, किंमत आणि पाठवणी यांचे भाग आहेत. पुस्तक सलग वाचायची गरज नाही. ज्या वस्तूबद्दल तुमच्या घरात आधीच कुणाला काही ठाऊक आहे, तिथून सुरुवात करा. आई-आजीला, मागावर काम केलेल्या शेजाऱ्याला विचारा आणि त्यांचं ऐकून लिहून घ्या. पहिली वस्तू स्वतःच्याच घरातली निवडा, सर्वांची संमती घ्या, तिचा दोष आधी लिहा, गुण नंतर लिहा, आणि किंमत सर्वांत शेवटी.